कंडक्टरकाकांना फुटलेली वाणी

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत एवढी माणसं कोंबली होती, की सलाइनच्या स्टँडलाही अंग चोरून उभं राहावं लागत होतं. शेजारच्या खाटेवर अपेंडिक्सचा एक तरुण पेशंट होता. त्याच्या खाटेवर चार अनोळखी माणसं ऐसपैस बसली होती आणि तो बिचारा गुडघे पोटाशी घेऊन सांगत होता, "अहो, जरा बघून बसा. टाके आहेत माझे."

"श्श! गप्प बस! वाणी सुरू होतेय!"

खिडकीला जाड चादर लावून उजेड बंद केला होता. कंडक्टरकाका उशीला टेकून, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बसले होते. त्यांच्या कानाशी पितळी घंटी घेऊन घंटीमहाराज उभे. अंगाने गुबगुबीत, गळा मात्र असा गोड, की भाजीचे भाव जरी गाऊन सांगितले असते तरी बायकांनी डोळे पुसले असते.

महाराजांनी घंटी हलवली. टिंग-टिंग!

काकांचे डोळे उघडले. मान ताठ झाली. खणखणीत आवाज आला, "चला, आत सरका! दारात उभं राहू नका! मागं सगळी जागा रिकामी आहे!"

खोलीभर शहारा गेला.

"ऐकलंत?" महाराजांनी सूर लावला. "दारात उभं राहू नका! कुठलं दार, बाळांनो? संसाराचं दार! ना आत, ना बाहेर, अशी लोंबकळलेली आपली गत! आणि जागा कुठं रिकामी आहे? मागं! पुढं पुढं करणाऱ्याला जागा नाही!"

पुढच्या रांगेतले लोक ओशाळून मागे सरकले आणि मागच्यांच्या पायांवर उभे राहिले.

"सुटे काढा, सुटे! हातात धरा!" काका गरजले.

या ओळीचा अर्थ महाराज कधी सांगत नसत. त्यांचा शिष्य ताट घेऊन गर्दीतून फिरे, त्यात तो आपोआप कळे.

टिंग! एकच ठोका. काका गप्प झाले. ओठ मिटले, नजर दाराकडे लागली.

"बघा!" महाराज हळूच म्हणाले. "दोनदा वाजवली की वाणी येते, एकदा वाजवली की जाते. हे माझं नाही हो. मी आपला निमित्तमात्र." एवढं म्हणून ते स्वतःच्या घंटीकडे अशा कौतुकाने बघत, की निमित्ताला स्वतःचं फार अप्रूप वाटतंय हे कुणालाही कळावं.

काकू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. लोक येऊन त्यांच्याही पाया पडून जात. आयुष्यभर त्यांना एकच वेड होतं, देवाची गाऊन सांगितलेली कथा. कुठे कुणी गाऊन सांगत असलं, की काकू गॅस बंद करून निघाल्याच. कधी कधी गॅस बंद करायचाही राहून जाई. म्हणून तर महाराजांचा सूर कानी पडला तेव्हा त्या विरघळल्या होत्या. पण हल्ली महाराज गायला लागले की त्या तोंड फिरवून बसत. कारण सगळ्या जगाला वाणी ऐकवणारे काका त्यांना, स्वतःच्या बायकोला, ओळखत नव्हते.

त्याचं झालं असं, काका न्हाणीघरात घसरून पडले, मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं, ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं. पण त्याच संध्याकाळी काकूंनी पेज भरवायला चमचा पुढे केला, तर काका म्हणाले, "मावशी, तिकीट?"

"अहो, मी आहे!"

"तुम्ही कुणीही असा. तिकीट घ्यावं लागेल."

काकू जिन्यात जाऊन रडल्या. त्यांना गाठलं जावईबापूंनी. जावईबापू शिकलेले, ऑफिसात सगळ्यांना कॉम्प्युटर शिकवणारे, पण मोबाइलवर आलेलं काहीही खरं मानणारे. "आई, रडता काय? भाग्य आहे आपलं! बाबांच्यात संचार झालाय. मी बघितलाय असा एक व्हिडिओ. आणतोच मी एका माणसाला."

आणलेला माणूस म्हणजे महाराज. त्यांनी आल्या आल्या नियम सांगितले. काकांचा चष्मा आणि कानातलं मशीन ऑपरेशनच्या वेळी काढून ठेवलं होतं, ते काढलेलंच ठेवायचं. बाहेरचं दिसलं-ऐकू आलं तर आतलं कसं दिसणार? खिडकी बंद. झोपू द्यायचं नाही, ज्योत विझते. शिष्य पाळीपाळीने उशाशी बसून टाळ्या वाजवणार. आणि दिवसातून तीनदा शांतिअर्क, लाल, गोड, दोन-दोन मोठे चमचे. दवाखान्यातल्या सिस्टरनी पहिल्या दिवशी आरडाओरडा केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या बदलीचं काय होणार ते वाणीला विचारलं. वाणी म्हणाली, "पुढच्या स्टॉपला." सिस्टर खूश झाल्या. हाडांचे डॉक्टर सकाळी येत, जखम बघत आणि वाऱ्यासारखे निघून जात. त्यांच्या वेळेला महाराज "मामा" होत आणि शिष्य "भाचे".

त्या दिवशी मात्र वाणीने घोटाळा केला. महाराज डोळे मिटून तान घेत होते. काका एकाएकी ओरडले, "शेवटचा स्टॉप! सगळे उतरा! गाडी डेपोत जाणार!"

"आहाहा!" महाराज म्हणाले. "सगळ्यांनाच उतरायचंय, बाळांनो..."

आणि काका उतरले. चादर भिरकावून, खाटेचा कठडा ओलांडून, सरळ जमिनीकडे. ते पडले जावईबापूंच्या अंगावर, म्हणून डोकं वाचलं. पण मांडीत बसवलेला रॉड सरकला. एक्स-रे काढला, हाडांचे डॉक्टर धावत आले आणि म्हणाले, "परत उघडावं लागेल. नाहीतर हे पुन्हा पायावर उभे राहणार नाहीत."

महाराजांनी काकूंना बाजूला घेतलं. आवाजात मध ओतला. "माई, आता सुरी लावाल तर वाणी जाईल. आणि वाणी एकटी जात नाही हो. जाताना माणसालाही घेऊन जाते."

जावईबापूंनी मान हलवली. "आई, मी तर म्हणतो, राहू द्या. पाय काय, पाय सगळ्यांनाच असतात. वाणी कुणाला असते?"

सही करायची होती काकूंना. एकीकडे पाय, एकीकडे प्राण. आणि मधल्या मधे कपाळाला हात लावलेल्या काकू.

तेवढ्यात आल्या भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई. त्या या दवाखान्यात ऑपरेशनपुरत्या येत, एरवी दहा ठिकाणी धावत. पहिली भूलही त्यांनीच दिली होती. दुसऱ्या ऑपरेशनआधी पेशंट तपासायला म्हणून त्या खोलीत शिरल्या आणि दारातच अडकल्या.

"ही खोली आहे की मंडई?"

"पादत्राणं बाहेर काढा, डॉक्टर," शिष्य म्हणाला.

"पादत्राणं राहू दे, तुम्हीच बाहेर चला."

लोक कुरकुरले. महाराजांनी हात वर केला. "असू द्या. शंका घेणाऱ्यालाही दर्शन घडू दे. ताई, एकदा ऐका आणि मग काय ते बोला."

"ऐकते की," बाई म्हणाल्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

त्याच वेळी भेटायला आले होते काकांचे जुने ड्रायव्हर. उभा जन्म एकाच गाडीवर दोघांनी काढलेला. ड्रायव्हरभाऊंना खोकला होता, म्हणून शिष्याने त्यांना आल्या आल्या अर्काचे दोन चमचे पाजले होते. गोड लागला म्हणून भाऊंनी आणखी दोन मागून घेतले होते. ते आता अपेंडिक्सवाल्याच्या खाटेवर पाचवे म्हणून बसले होते.

टिंग-टिंग!

"चला, पाय आत घ्या! आजोबा, दांडी धरा!" काकांची वाणी सुटली.

"आई गं!" असा दुसराच एक आवाज आला. तो वाणीचा नव्हता, जावईबापूंचा होता. ड्रायव्हरभाऊंनी त्यांच्या पायावर आपला उजवा पाय दाणकन दाबला होता आणि दाबूनच ठेवला होता.

"अहो, पाय काढा!"

"ऑं? माफ करा हां. आपोआप गेला."

टिंग! काका गप्प. भाऊंचा पाय बाजूला सरकला आणि पुन्हा दाणकन खाली आला. "आई गं!" जावईबापूंची करंगळी गेली.

बाईंचे डोळे बारीक झाले. "भाऊ, हे काय केलंत?"

"ब्रेक मारला," भाऊ जांभई देत म्हणाले. "डबल बेल झाली की गाडी सोडायची, सिंगल झाली की थांबवायची. झोपेतसुद्धा पाय ऐकत नाही हो. बायको वेगळ्या खाटेवर झोपते माझी."

"आणि बेल झाल्यावर हे काय करायचे?"

"कोण, हा? गाडी सुटली की ह्याचा पट्टा चालू. आत सरका, सुटे काढा. स्टॉप आला की एकदम चिडीचूप, नजर दारावर. कोण उतरतंय, कोण फुकट चढतंय."

बाईंनी टेबलावरचा स्टीलचा पेला आणि चमचा उचलला आणि काकूंच्या हातात दिला. "काकू, जरा त्यांच्या कानाशी धरून दोनदा वाजवा बघू."

"मी? माझ्यात कुठली शक्ती?"

"चमच्यात आहे तेवढी पुरे."

काकूंनी वाजवलं. किण-किण! "चला, आत सरका! मागं जागा आहे!" काकूंनी एकदा वाजवलं. काका गप्प. पुन्हा दोनदा. "सुटे काढा!" पुन्हा एकदा. गप्प.

"पेल्यात माझीच शक्ती उतरली आहे!" महाराज घाईने म्हणाले. "खोलीत पाच दिवस घंटानाद झालाय. भिंतीसुद्धा भारल्या गेल्यात!"

"तीन वाजवा, वहिनी," ड्रायव्हरभाऊ डोळे मिटतच म्हणाले. "तीन म्हणजे गाडी भरली."

किण-किण-किण!

"जागा नाही!" काका महाराजांच्या तोंडावर ओरडले. "लटकू नका! मागून दुसरी येतेय, तिच्यात बसा!"

सगळ्यात आधी हसला अपेंडिक्सवाला. टाके दाबून धरत, "आई आई" करत हसला. मग सगळी खोली फुटली. महाराज घंटीकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची भीती कमी आणि दुःखच जास्त होतं. दोन ठोक्यांनी माणूस बोलतो, हे त्यांनाही पहिल्या दिवशी अचानकच कळलं होतं, आणि ही आपलीच सिद्धी असा त्यांचा मनापासून समज झाला होता. लोकांना फसवता फसवता बिचारे स्वतःच्याही भजनी लागले होते.

"बरं, घंटीचं एक असो," त्यांनी सावरून घेतलं. "पण बोलतो कोण? शुद्धीतला माणूस असा बोलतो का?"

"हा प्रश्न मात्र बरोबर विचारलात," बाई म्हणाल्या. "शुद्धीत नाहीतच ते. अर्क कसला आहे?"

"हिमालयातल्या..."

"बाटली बघू."

"ती अपवित्र हातांनी..."

तोवर ड्रायव्हरभाऊंनी घोरायला सुरुवात केली होती. बाईंनी त्यांना हलवून उठवलं, पापणी वर करून डोळा बघितला, जीभ बाहेर काढायला लावली. "जिभेचं चामडं झालंय हो," भाऊ पुटपुटले. "पाणी द्या. आणि कुठला स्टॉप आला?" एवढं बोलून ते परत घोरू लागले. बाईंनी शिष्याच्या पिशवीत हात घातला. तिच्यात औषधाच्या दुकानातल्या बाटल्या होत्या, वरचे कागद खरवडून काढलेल्या. एका बाटलीचा कागद खरवडायचा राहिला होता.

"सर्दीचं औषध," बाईंनी वाचून दाखवलं. "हिमालयात सर्दी होतच असेल म्हणा. तुम्हीच घ्या ना महाराज चार चमचे, सगळ्यांसमोर."

"मी आधीच शांत आहे," महाराज म्हणाले आणि शांतपणे दाराकडे सरकू लागले. जाता जाता ताट उचलायला वाकले, तर त्याच्यावर सिस्टर पाय देऊन उभ्या होत्या. "ज्याचे त्याला परत करून जा," सिस्टर म्हणाल्या. "आणि माझ्या बदलीचं बघते माझी मी."

गर्दी पांगली. बाईंनी खिडकीची चादर ओढून काढली. पाच दिवसांनी खोलीत ऊन आलं. काकूंनी पेला छातीशी धरलेलाच होता.

"डॉक्टर, मग ह्यांना झालंय तरी काय? वेड?"

"वेड नाही. ऑपरेशननंतर, विशेषतः वय झालेल्या माणसांना, असा भ्रम होतो. जुनी माणसं म्हणायची, वातात बरळतोय. बहुतेकांचा काही दिवसांत ओसरतो. तुम्ही तो ओसरू दिला नाहीत."

काकूंचा चेहरा पडला.

"रागावून नाही बोलत मी, काकू. पण बघा ना. चष्मा काढला, माणसं दिसेनाशी झाली. मशीन काढलं, तुमचं बोलणं ऐकू येईना. खिडकी झाकली, दिवस की रात्र कळेना. झोपू दिलं नाही. वर हे गुंगीचं औषध. ऑपरेशननंतर या वयात ते नुसती झोप देत नाही, मेंदूवर धुकं आणतं. सगळं जग असं हिरावून घेतल्यावर त्यांच्या कानाशी उरलं काय? एक घंटी. तिला धरून ते आपल्या जुन्या गाडीत जाऊन बसले. दुसरी कुठली ओळखीची जागाच ठेवली नव्हतीत तुम्ही."

काकूंनी पेला टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "आणि परत ऑपरेशन केलं, परत असंच झालं तर?"

"होऊ शकतं. होऊ नये म्हणून आधीपासून कामाला लागू. औषध अंगातून उतरेपर्यंत थोडं थांबू, फार थांबता यायचं नाही."

काकूंनी सही केली.

मग काकू कामाला लागल्या. चष्मा आणि मशीन निघालं जावईबापूंच्या बॅगेत, मोबाइलच्या चार्जरखाली. भिंतीवर मोठं घड्याळ आलं. दिवसभर खिडकी सताड उघडी, काका पेंगले की काकू त्यांच्या मशीन लावलेल्या कानाशी देवाची कथा गाऊन सांगत, मधेच थांबून विचारत, "आज वार कुठला? मी कोण?" पहिल्या दिवशी उत्तर आलं, "पासवाल्या." अंधार पडला की दिवे मंद, बोलणं बंद. रात्री मुकाट बसणं हे काकूंना सगळ्यात जड गेलं. सूर घशापर्यंत येई आणि त्या तोंडात पदराचा बोळा धरीत. मधेच उठवून ताप बघायला येणाऱ्या सिस्टरना बाईंनी सांगून ठेवलं होतं, फार गरज नसेल तर झोपू द्या. आणि रोज संध्याकाळी एक छोटी गोळी सुरू केली.

"झोपेची ना?" जावईबापूंनी विचारलं. "एकदम कडक द्या, डॉक्टर. बाबा पडले पाहिजेत."

"पाडायचंच असेल तर ड्रायव्हरभाऊंना बोलवा. कडक गोळ्यांनी या वयात उलटा भ्रम वाढतो. अंधार पडला की आपलं शरीर आपोआप एक रस सोडतं, आता रात्र झाली अशी आतून वर्दी देतं. दवाखान्यात ती वर्दी चुकते. ही गोळी ती वर्दी देते, बस. कानशिलात मारून झोपवत नाही."

दुसरं ऑपरेशन झालं. काकूंनी दिवसभर अन्नाचा कण तोंडात घातला नाही. संध्याकाळ झाली, तीच वेळ, ज्या वेळेला मागच्या खेपेला "मावशी" झालं होतं. काकूंनी काकांच्या नाकावर चष्मा चढवला, कानात मशीन बसवलं आणि समोर उभ्या राहिल्या. हात जोडलेले, ओठ कोरडे.

काकांनी डोळे उघडले. काकूंकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. मग खोलीच्या कोपऱ्यात मोबाइलवर बोटं फिरवणाऱ्या जावईबापूंकडे बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"अगं, हा अजून इथंच? ह्याला कामधंदा नाही का?"

काकू मटकन स्टुलावर बसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. "शुद्धीवर आले! देवा, पूर्ण शुद्धीवर आले!" जावईबापूही आनंदले, मग वाक्याचा अर्थ लक्षात आला आणि थोडे कमी आनंदले.

ही गोष्ट इथं संपायला हवी होती. पण गावातली माणसं रिकामा देव्हारा फार दिवस ठेवत नाहीत. दुसऱ्याच दिवशी जावईबापूंनी गोळीचं रिकामं पाकीट कपाळाला लावलं आणि सगळ्या नातेवाइकांना मोबाइलवरून कळवलं, "शुद्धीची गोळी! एका गोळीत भ्रम पळाला!" दुपारपर्यंत खोलीबाहेर रांग. एकाला आपल्या विसराळू बायकोसाठी हवी होती. एकीला बारावीतल्या मुलासाठी. अपेंडिक्सवाला म्हणाला, "मला काही नको, फक्त माझ्या खाटेवर कुणी बसू नका."

डॉक्टरीणबाई आल्या आणि रांग बघून त्यांनी डोकं धरलं.

"ताई, तुम्हीच सांगा," जावईबापू म्हणाले. "गोळीनंच झालं ना?"

"नक्की सांगता येणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे या गोळीवर बऱ्याच ठिकाणी अभ्यास झालेत. काहींत फायदा दिसला, काहींत दिसला नाही. त्रास फारसा नाही म्हणून काकांना दिली. पण त्यांचा चष्मा, मशीन, रात्रीची झोप, काकूंचं दिवसभर बोलणं, अर्क बंद होणं, हे सगळं एकदमच झालं. कशाचा वाटा किती, ते एका माणसावरून कळत नाही. कदाचित गोळी न देताही ते नीट राहिले असते."

रांगेतून निराशेचा सूर निघाला. "एवढ्या मोठ्या डॉक्टर आणि माहीत नाही म्हणतात!" एक जण म्हणाला. "महाराजांना सगळं माहीत होतं."

"होतं खरं," काकू दारात येऊन म्हणाल्या. "बाटलीत काय आहे तेवढं सोडून सगळं सांगत होते."

हळूहळू रांग विरली. एक मुलगी तेवढी उभी राहिली. तिच्या वडिलांचं ऑपरेशन उद्या होतं, खालच्या मजल्यावर. तिचे डोळे काकूंच्या त्या पहिल्या संध्याकाळच्या डोळ्यांसारखे होते.

"काकू, तुमच्या हातानं एक गोळी द्या ना. तुमचा हात लागला की गुण येईल."

काकूंनी तिला जवळ बसवून घेतलं. "माझा हात पेल्यावर चमचा वाजवायच्या कामाचा आहे, बाळ. गोळी द्यायची की नाही ते तुझ्या डॉक्टरांना विचार. का द्यायची, कशानं काय होतं, तेही विचार. नाही कळलं तर परत विचार. वडिलांना काय दिसतं, काय ऐकू येतं, रात्री झोपू देतात का, ते तू बघ."

"एवढे प्रश्न विचारले तर रागावतील ना?"

"जन्मभर देवाच्या कथा ऐकत आले मी," काकू म्हणाल्या. "त्यांतले निम्मे भक्त देवाला उलटून प्रश्न विचारतात, भांडतात, जाब मागतात. देव एकदाही रागावला नाही बघ. बाटलीत काय आहे असं विचारल्यावर जो रागावतो ना, त्याच्या हातचं औषध घेऊ नकोस."